धागाईनं आभाळ का फाडलं

मी एक देवी आहे, मित्रांनो. पण मला देऊळ नाही. सुरतेला गोडादऱ्यात सोनाली राहते, तिच्या कॉम्प्युटरवरच्या एका खेळात माझा मुक्काम. माझं नाव धागाई.

सोनालीने मला बारावीच्या सुट्टीत घडवलं. नाकात नथ दिली, डोळे मोठे काढले आणि भोवती विणलेलं जग मांडलं. आभाळ विणलेलं, नदीही विणलेली. खेळाच्या शेवटी मी ते सगळं फाडायचं, एवढंच माझं काम. मैत्रिणींनी माझं रूप वाखाणलं तेव्हा मी फुलून गेले. मग कॉलेज सुरू झालं आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा कॉलेजच्या स्पर्धेसाठी तिने मला पुन्हा उघडलं. मैत्रीण धनश्री खेळून बघायला आली. मी आभाळ फाडताच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ही असं का करते?”

सोनालीने खांदे उडवले. मला तरी कुठे ठाऊक होतं? गुन्हा माझ्या गळ्यात आधीच पडला होता, त्यामागचं कारण मात्र कुणी दिलंच नव्हतं.

“मग काढून टाक हिला. उगाच तोडफोड. उद्या सबमिट करायचंय यार.”

सोनालीने पुसण्यासाठी मला निवडलं. पडद्यावरचा बाण पुसून टाकायच्या खुणेवर येऊन थांबला. मी देवी खरी, पण मनातल्या मनात सोनालीचाच धावा करू लागले.

तेवढ्यात तिची आई कलाबाई उधन्याच्या लूम कारखान्यातून, म्हणजे यंत्रमागावरून, आली आणि दारातच मटकन बसली. हातात अजून कातर होती.

“काय झालं मम्मी?”

“मना शेजारनी सुवर्णानी ओढनी लूममा अडकनी. मानले फास बसना. बंद कराना बटन त्या बाजूले. मंग मी धागाच कापी टाकात.”

धागा तुटला की ते लूम आपोआप थांबतं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

“आणि सुवर्णामावशी?”

“वाचनी. शेठ बोंबलना, आख्खं कापड वाया गयं. सकाय जाईसन मीच सांधसू.”

सोनालीने आईच्या हातातल्या कातरीकडे पाहिलं. मग तिने बाण पुसायच्या खुणेवरून बाजूला हलवला. माझा जीव भांड्यात पडला.

तिने आभाळात एक मुलगी काढली. आभाळ विणलं जात होतं आणि तिची ओढणी आत ओढली जात होती. माझ्या हातात कातर आली. धनश्री पुन्हा खेळायला बसली. फास आवळत चालला, विणकाम थांबेना.

“फाड ना आता, लवकर,” ती मलाच म्हणाली.

मी आभाळ फाडलं. जग थांबलं आणि मुलीने श्वास घेतला.

आता तिथे खेळ संपत नाही. फाटलेल्या आभाळाखाली बसून मी एकेक धागा सांधते, खेळणाऱ्यालाही माझ्यासोबत धागे सांधावे लागतात. मित्रांनो, कुणी काही मोडलं तर रागवण्याआधी आत कोण अडकलं होतं ते बघा. आणि मोडणारे तुम्हीच असाल तर उठून जाऊ नका. माझ्या शेजारी बसा, अजून पुष्कळ धागे राहिलेत.