नदीच्या तळाशी तेरा वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यातल्या एका नदीवर मी माणसं पार करत असे. फणसाच्या लाकडाच्या फळ्या आणि फटींत राळ, एवढीच माझी दौलत. मला दुओंग नावाच्या नावाड्याने बांधलं. तेव्हा देशावर फ्रेंचांचं राज्य होतं. त्यांना हाकलण्यासाठी लढाई पेटली. एका दुपारी दोन्ही काठांवरून गोळ्या सुटल्या, आणि मधोमध सापडलेला दुओंग त्यात गेला. दहाव्या दिवशी त्याच्या बायकोने, थोआताईने, वल्हं हाती घेतलं.

शेवटी फ्रेंच हरले. त्यांचे उरलेसुरले शिपाई माझ्यातूनच पार झाले. देशाचे दोन तुकडे झाले, आम्ही दक्षिणेकडच्या तुकड्यात राहिलो. आता गावाला वाटलं, संपलं एकदाचं.

काही वर्षांनी दक्षिणेच्या सरकारला मदत म्हणून हॉब्ज नावाचा अमेरिकन कॅप्टन आला. बरोबर दुभाषी म्हणून आमच्या शाळेचे खिएम मास्तर होते. हॉब्ज कडेला बसला आणि मी एका बाजूला कललेच.

"मास्तर, त्या ताडाला सांगा, मधोमध बस म्हणावं. नाहीतर तिघांचीही आंघोळ व्हायची."

"थोआताई, तो पुलासाठी पाणी मोजायला आलाय. सहा आठवड्यांत घरी जाणार म्हणतो."

"फ्रेंचही व्यापारापुरतेच आले होते. ऐंशी वर्षं मुक्काम ठोकला."

हॉब्जने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "ताई तुमचं स्वागत करतायत."

पूल झाला. त्यावरून सरकारी तांदूळ आणि सरकारी शिपाई जाऊ लागले. सरकारविरुद्ध लढणारे आमचेच लोक डोंगरात होते. एका पहाटे त्यांनी पुलाचा एक खांब उडवला. मग पूल राखायला हॉब्ज वीस अमेरिकन शिपाई घेऊन परतला. त्या विसांना अन्न आणि दारूगोळा हवा, म्हणून रताळ्यांची शेतं सपाट करून विमान उतरण्याची पट्टी केली. पट्टी राखायला आणखी साठ आले. मित्रांनो, प्रत्येक वेळी एकच पाऊल पुढे पडत होतं, आणि ते पाऊल शहाणपणाचंच वाटत होतं.

पूल झाल्यावर माझ्यात बसायला कोण येणार? मी काठाला बांधलेली पडून असे. हॉब्ज मात्र दुपारी येऊन माझ्यात एकटाच बसे. एकदा त्याने मास्तरांना बरोबर आणलं. थोआताई माझ्या तळातलं पाणी उपसत होती.

"मी वर लिहिलं होतं, इथून माणसं काढून घ्या," मास्तर त्याचं बोलणं सांगू लागले. "त्यावर दोनशे नवी माणसं आली."

"ती का म्हणून?"

"इथे त्यांचे चौघं मेलेत. आता परत गेलो तर ते कशासाठी मेले, असं वरचे विचारतात."

ताईने उपसणं थांबवलं. "मेलेल्यांना सोबत म्हणून जिवंत माणसं धाडतात का?"

या वेळी मास्तरांनी शब्दन् शब्द सांगितला. हॉब्जने टोपी काढली. आठवड्याने रस्त्यात पेरलेला सुरुंग फुटला, आणि त्याला विमानात घालून नेलं. तो जगला की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. त्याच्या जागी आलेल्याला गावात कुणाचं नाव ठाऊक नव्हतं.

मग सरकारचा हुकूम निघाला: गाव रिकामं करा, तारेच्या कुंपणातल्या वस्तीत राहायला जा, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून होड्या जाळा. ताई आणि मास्तरांनी मला ओढ्याच्या तोंडाशी नेलं आणि दगडांनी भरलं.

"जळण्यापेक्षा बुडलेली बरी," ताई माझ्या फळीवर हात ठेवून म्हणाली. "मी येते परत."

पाणी माझ्यावरून मिटलं. वर आधी बुटांचा आवाज येई, मग ट्रकांचा, मग रणगाड्यांचा. वर्षं मोजायला मला पावसाळ्याचा गाळ होता. प्रत्येक थराबरोबर मी थोडी आणखी खाली जाई आणि ताईच्या पावलांची वाट पाही. एका वर्षी वरचे आवाज थांबले. तरी ती आली नाही.

आले ते खिएम मास्तर. अमेरिकन गेले होते, उत्तरेकडचे जिंकून देश एक झाला होता, आणि शत्रूचे दुभाषी म्हणून मास्तर तीन वर्षं छावणीत कोंडले गेले होते. चार दिवस ते छातीभर पाण्यात उभे राहून एकेक दगड काढत होते. कुणी मदतीला आलं नाही.

"ताई वस्तीतच तापाने गेल्या," ते मला म्हणाले. "जागा मला ठाऊक होती. यायला फार उशीर झाला."

माझी एक फळी कुजली आहे. मास्तर तिला राळ लावत बसतात, पण मी आता तरंगत नाही. शाळा दुसऱ्या मास्तरांकडे गेली आहे. "मी तर नुसतं बोलणं इकडून तिकडे नेलं," ते कधीकधी म्हणतात. मीही माणसंच नेली, कुणाला त्याची बाजू विचारून नाही नेली.

मित्रांनो, जुन्या लाकडाची निगा राखा, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं निराळं आहे. संध्याकाळी मास्तर माझ्याशेजारी बसलेले असतात, आणि पुलावरून जाणारे त्यांना पाहून मान फिरवतात. तुमच्यापैकी कुणीतरी त्यांना नावाने हाक मारा. मला ती मारता येत नाही.