दाराच्या अलीकडे

"हत्यारं घ्या आणि चला लगेच. आत माणसं अडकलीत," फादर म्हणाले. घाईघाईने आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "कुठं?"

"कुठं म्हणजे? चर्चमध्ये! मागच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटलं आणि कुलूपच अडकलं. किल्ली नुसती गोल गोल फिरतेय."

किल्लीवाल्याने पिशवी उचलली. त्याचं दुकान चर्चच्या कुंपणाच्या भिंतीला टेकूनच होतं. गिऱ्हाइकांना पत्ता सांगताना तो 'चर्चची भिंत संपते तिथं' असंच सांगायचा. पण उभ्या आयुष्यात तो कधी आत गेला नव्हता. कुणी अडवलं होतं असंही नाही. आपण त्यांच्यातले नाही, आपलं तिथं काय काम, एवढंच. चर्चचं फाटक पलीकडच्या रस्त्यावर होतं; रविवारी तिकडून जाताना मूठभर म्हातारी माणसं आत शिरताना दिसत. एवढी मोठी, दोन-अडीचशे वर्षांची दगडी इमारत बाकी आठवडाभर ओस पडलेली असणार, अशी त्याची पक्की समजूत होती.

आत शिरला आणि तो थबकलाच. बाकं एका बाजूला सरकवली होती आणि मोकळ्या जागेत पाच-सहा आजी-आजोबा खुर्च्यांना धरून एका पायावर उभे होते. "पडू नका, पण पडायला घाबरूही नका," त्यांना शिकवणारी मुलगी सांगत होती. पलीकडे एका खांबाआड नर्सबाई कुणाचा तरी रक्तदाब मोजत होत्या. कोपऱ्यातल्या टेबलावर दोन रिक्षावाले फॉर्म घेऊन वकीलबाईंपुढे बसले होते. उंच छतापर्यंत सगळ्यांचे आवाज जाऊन घुमत होते, तरी कल्लोळ वाटत नव्हता.

"हे रोजचं?" त्याने विचारलं.

"रोज वेगळं. पूर्वी मी प्रार्थनेला माणसं येत नाहीत म्हणून झुरायचो," फादर चालता चालता म्हणाले. "मग म्हटलं, एवढं छप्पर आहे, दगडाच्या भिंती आहेत, उन्हाळ्यातही गारवा असतो. वापरू द्या लोकांना."

"आणि मागच्या खोलीत काय चालतं?"

"ज्यांची मुलं देवाघरी गेली ना, ती माणसं बसतात. गुरुवारी. कुठलीही, कुठल्याही धर्माची. नुसती बोलतात."

किल्लीवाल्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. दारापाशी येऊन त्याने गुडघे टेकले. कुलूप जुनं, दारात बसवलेलं होतं. त्याची जीभ चौकटीच्या खाचेत तशीच अडकून राहिली होती.

फादरांनी दारावर टकटक केली. "कुलूपवाले आलेत हं. घाबरू नका."

"आम्ही मजेत आहोत, फादर," आतून एका म्हातारीचा आवाज आला. "आमचं चालू आहे. होऊ दे सावकाश."

किल्लीवाल्याने पहिला स्क्रू सैल केला. आत कुणीतरी म्हणालं, "हं, ताई, तुम्ही सांगत होतात."

"काय सांगू? हे घरात आमच्या मुलीचा विषयच काढत नाहीत."

त्याचा हात थांबला. तो आवाज त्याच्या बायकोचा होता. ती तर गुरुवारी दुपारी मोठ्या बहिणीकडे जायची. निदान त्याला तसंच सांगून निघायची.

"तिची सायकल विकली म्हणून सांगितलं मला," ती म्हणत होती. "एकदा डबा द्यायला दुकानात गेले, तर मागं ताडपत्रीखाली सायकल. चाकांत हवा भरलेली, टच्च! इतक्या वर्षांत हवा राहते का? म्हणजे अधूनमधून भरत असणार. मी डबा ठेवला आणि आले."

"विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्यांनी ती खरंच विकली असती."

"जमतंय ना?" फादरांनी हळूच विचारलं.

"जमतंय," किल्लीवाला म्हणाला. त्याला स्क्रूची खाच दिसेना. बाहीने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. आणखी ऐकावं असं फार वाटत होतं. दुसऱ्याच्या दाराला कान लावण्याची सवय मात्र त्याने धंद्यात कधी लावून घेतली नव्हती. त्याने घसा खाकरला.

"दारापासून जरा बाजूला व्हा," तो मोठ्याने म्हणाला.

आतलं बोलणं एकदम थांबलं.

"अहो?" बायकोचा आवाज आला. "तुम्ही आहात?"

"मीच."

फादरांनी एकदा त्याच्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. किल्लीवाल्याने पातळ पट्टी फटीत सरकवून जीभ मागे ढकलली. दार उघडलं.

खोली लहानशीच होती. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बायको उभी राहिली होती, पर्स छातीशी धरून, पकडली गेल्यासारखी. मग मघाची म्हातारी उठली, तिने आपल्या शेजारची खुर्ची थोडी ओढली आणि म्हणाली, "आलाच आहात तर बसा. बोललंच पाहिजे असं काही नाही इथं."

तो बसला. हाताला तेल लागलेलं होतं म्हणून हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. कुणीच घाई केली नाही. बाहेरून ती व्यायामाची मुलगी आकडे मोजत असल्याचं ऐकू येत होतं.

"शाळा सुटली की दुकानात यायची," तो एकाएकी म्हणाला. "मी जेवत असलो की माझ्या स्टुलावर बसायची आणि माझाच आवाज काढून गिऱ्हाइकांशी बोलायची. 'उद्या या, होऊन जाईल.' एक गृहस्थ खरंच परत गेले. नुसती किल्ली न्यायला आले होते हो, तयार होती! पोरीनं पाठवून दिलं त्यांना."

म्हातारी हसली. बायकोही हसली, तोंडावर हात धरून, आणि तसंच हसता हसता खाली बसली.

"हे मला कधीच सांगितलं नाहीत," ती म्हणाली. मग थोडी पुढे वाकली. "मग? आले का ते दुसऱ्या दिवशी?"

"आले ना," तो म्हणाला आणि पुढचं सांगू लागला.