दोन बोटं कमी

निळं. राईच्या दाण्याएवढं निळं मेण, स्कीच्या पोलादी कडेच्या आतल्या खाचेत अडकलेलं — आणि नोटबुर्गाच्या हातातली खरवडायची पट्टी तिथल्या तिथे थांबली, कारण गेल्या शनिवारी तिने लावलं होतं ते लाल होतं, बर्फ ओला असताना लावतात ते. निळं कडाक्याच्या थंडीतलं. वर स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता, त्याच्या जोडीने विन्झेन्झ शीळ घालत होता, तळघरात इस्त्री तापत होती… लग्न झाल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात दर शनिवारी हे असंच : नवरा शीळ घालतो आणि ती त्याच्या स्की पकडीत उलट्या आवळून जुनं मेण खरवडते, कडांना धार लावते, नवं मेण इस्त्रीने वितळवून तळाला पाजते.

दुकानात दिल्या असतील. असतील ना… पण गुरुवारी तो त्याच्या दोस्ताबरोबर, लोइसबरोबर, मागच्या कड्यावर गेला होता, त्यानेच सांगितलं, जेवताना, रश्शात पावाचे गोळे कुस्करत, कुणी न विचारता सांगितलं — आणि दिवसभर कड्यावर घासलेल्या स्कीचा तळ कसा दिसतो ते मला कुणी सांगायला नको. कडेकडेने पांढरा, कोरडा, भेगाळलेल्या टाचेसारखा. हा तर चकाकत होता. दुकानातल्या यंत्राचे ओरखडेही नव्हते. हे हाताचं काम होतं, सावकाश केलेलं. मन लावून केलेलं, मेलं.

तिने अंगठ्याचं नख धारेवर आडवं ओढलं. पांढरा कीस निघाला, अलगद. बाई गं, काय धार आहे! आपल्याला अशी जमली होती कधीकाळी, पहिल्या एकदोन हिवाळ्यांत… नंतर हात सवयीने चालायला लागला. मग तिचा हात टोकाकडे गेला आणि टोकाशी धार लागलीच नाही. कानस मारून झाल्यावर कुणीतरी रबरी दगडाने ती मुद्दाम बोथट केली होती.

बाबा म्हणायचे, "पोरींनो, टोकाला धार राहिली तर स्की नको तिथे चावते आणि माणूस तोंडावर आपटतो. आपली एक वीत मोजायची आणि तेवढी बोथट करायची." वीत! दुकानवाले हसायचे त्यांना. अख्ख्या खोऱ्यात हे असं वितीने मोजणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि बाबा गेल्यावर उरल्या दोघी बहिणीच.

नोटबुर्गाने अंगठा टोकावर टेकवला, पंजा ताणला, करंगळी कडेवर ठेवली. चरचरलं. करंगळीच्या आतच, चांगली दोन बोटं आधी, धार सुरू झाली होती.

लहानपणी दोघी पंजाला पंजा लावून बघायच्या, धाकटीचा दोन बोटं कमीच भरायचा. पाद्रीबाबांनी झेन्झीला ऑर्गन शिकवायचं सोडून दिलं ते त्यापायीच, आठ पट्ट्या तिच्या हातात मावेनात. "ताई, तुझा पंजा आहे की बर्फाचं फावडं?" असं म्हणून हीच वर खिदळायची… झेन्झी. दोन हिवाळ्यांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून वरच्या वाडीत एकटी. आणि मीच, मीच याच्या मागे लागायचे — अरे, बिचारीच्या छपरावरचा बर्फ कोण काढणार, जा की! कुरकुरत जायचा. अलीकडे कुरकुरत नाही, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

असेलही साधं. गेला असेल मदतीला, तिने सहज केल्या असतील. मग कड्याची थाप कशाला? आणि सहज कशा करेल ती? बाबांचा दुसरा नियम तिलाही तोंडपाठ होता : परक्याच्या स्कीला हात लावायचा नाही, तो पडला तर त्याचा जीव आपल्या हाताला चिकटतो, करायच्या त्या आपल्या माणसाच्याच. शेजारी दारूची बाटली घेऊन गळ घालायला यायचे. बाबा दारू प्यायचे आणि स्की परत पाठवायचे. झेन्झीने आजवर स्वतःच्या नवऱ्याखेरीज कुणाच्याही केल्या नव्हत्या.

आपल्या माणसाच्याच.

रबरी दगड हातात होता. कडेच्या मधल्या भागावर तो फक्त चार वेळा ओढायचा, जोर लावून, की उतारावर पहिल्याच टणक वळणाला… तिने दगड दूर सरकवला. स्वतःचीच भीती वाटली.

जिन्यावर बूट वाजले. "बुर्गे, झालं का गं? लोइस येईल इतक्यात. जेवायच्या वेळेला परत येतो."

"गुरुवारी वरती बर्फ कसा होता रे?"

"टणक! नुसता दगड. लोइस दोनदा बसला ढुंगणावर." तो हसला, वाकला, सवयीने अंगठ्याचं नख धारेवर ओढलं. कीस बघितला. "वा! तुझ्या हाताला तोड नाही, म्हातारे."

ही धार माझी नाही, हे याला कळलंच नाही. याला दोन हात वेगळे ओळखता येत नाहीत… इतके हिवाळे मी वाकून वाकून पाठ मोडून घेतली, आणि याच्या लेखी मेण म्हणजे मेण. बोलावं, आत्ता बोलावं, करंगळी समोर धरावी. पण बोललं की तो काहीतरी उत्तर देणार, आणि ते उत्तर ऐकून पुन्हा वर जाऊन गोळे वळायचे.

"झालंय," ती म्हणाली. "ने."

दार आपटलं. शीळ अंगण ओलांडून गेली. इस्त्रीखाली लागलेल्या मेणाचा धूर यायला लागला तशी तिने ती बंद केली. रिकाम्या पकडीकडे बघत उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. राग तरी यावा… तोही नाही. नुसतं थकल्यासारखं वाटलं, आणि झेन्झीचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं.

भिंतीवर तिच्या स्वतःच्या स्की टांगलेल्या होत्या. कधी केल्या होत्या शेवटच्या? त्याच्या करून झाल्यावर आपल्या करू, असं दर शनिवारी ठरायचं… कडा तांबूस झाल्या होत्या, गंजाने खरखरीत. बाबा असते तर विचारलं असतं : आपल्या माणसाच्याच करायच्या हे खरं, पण बाबा, माझ्या कुणी करायच्या? तिने अंगठ्याचं नख त्या कडेवर आडवं ठेवलं आणि ओढलं. नख घसरलं. तिने पुन्हा ओढलं, जोर लावून. काहीच निघालं नाही.