झोर्झानेल्लोंच्या दारातलं शेवाळ

माझ्या नवऱ्याला माझ्या डोळ्यांचा रंग विचारा, तो आधी खिडकीबाहेर बघेल. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पण मोठ्या कालव्याच्या डाव्या काठावर धुराडी किती, त्यातली वाकडी किती आणि कुठल्या धुराड्यावर पारव्यांनी घर केलंय, हे तो झोपेतही सांगेल. बोर्तोलो फुर्लान त्याचं नाव. व्हेनिसची चित्रं काढणं हा त्याचा धंदा आणि ती खरी काढणं हा त्याचा आजार.

धंदा बरा चालतो म्हणा. इंग्रज सरदार येतात, आठ दिवस नाकाला रुमाल लावून आमच्या शहराला नावं ठेवतात आणि जाताना तेच शहर चौकटीत घालून घरी नेतात. चित्राला वास येत नाही, हा त्याचा मोठा गुण. बोर्तोलो काळी पेटी घेऊन नावेत बसतो. पेटीला भिंग असतं, समोरचा काठ आत कागदावर उतरतो आणि हा त्यावरून रेघा ओढतो. मी घरी रंग खलते आणि लोकांशी गोड बोलते. दुसरं काम त्याला जमत नाही.

गेल्या वसंतात आमच्याकडे झकारिया झोर्झानेल्लो आले. चारशे वर्षांचं खानदान. अंगावरचा कोट उसवून उलटा शिवलेला, म्हणजे विटलेली बाजू आत. केसांच्या टोपावर इतकी पावडर, की झटकली असती तर आमचा दोन दिवसांचा पिठाचा पोलेंटा शिजला असता.

"फुर्लान, आमच्या महालाचं चित्र पाहिजे."

"मोठा मान, सरकार. उद्याच पेटी घेऊन येतो."

"पेटी नको. पेटीला काय कळतंय? मी सांगतो तसं काढायचं."

प्रकरण असं होतं. बेर्गामोच्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याकडून सरकारांच्या मुलीला, फाउस्तीनाला मागणी आली होती. व्यापाऱ्याला सरदारांची सोयरीक हवी होती आणि सरकारांना घरजावई, म्हणजे महालाचं छप्पर त्याच्याकडून शाकारून घेता येईल. फक्त मुलाकडच्यांनी व्हेनिस पाहिलं नव्हतं. घर कसं आहे, असं त्यांनी भीत भीत विचारलं होतं. त्यांना बोलावलं तर ते बघणार. त्यापेक्षा चित्र पाठवलेलं बरं.

"तिसऱ्या मजल्यावर अकरा खिडक्यांना काचा नाहीत, सरकार. चिंध्या कोंबल्यात," बोर्तोलो म्हणाला. गोड बोलायचा त्याचा हा प्रयत्न.

"चित्रात काचा आहेत."

"महाल उजवीकडे कललाय."

"चित्रात कललेला नाही."

"आणि कोपऱ्यातला तडा..."

सरकार माझ्याकडे वळले. "काय गं, तुझा नवरा चित्रकार आहे की पालिकेचा तपासनीस?"

"मलाही अजून कळलेलं नाही, सरकार," मी म्हणाले आणि टेबलाखालून बोर्तोलोच्या नडगीवर टाच मारली. असल्या माणसाचं एक चित्र नाकारलं, की सगळी सरदार मंडळी आमच्या दारावरून नाव न थांबवता पुढे नेतात.

त्याने चित्र काढलं. अकरा खोट्या काचा, अकरा उसासे. भिंत सरळ करायच्या दिवशी तर त्याला ताप भरला. मी कांदा-व्हिनेगरातले सार्डिन मासे केले होते, त्यांनाही हात लावला नाही.

"अरे, काच आहे ती. तू काय खोटी साक्ष देतोयस?"

"तेच देतोय, ओर्सोला," तो म्हणाला.

चित्र वाळत होतं तेव्हा एका दुपारी फाउस्तीना स्वतः आली. सव्विशीची मुलगी, चांगली उंच. हाताची बोटं ओलीने सुजलेली, आणि दर दोन वाक्यांना खोकला. चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग हसू लागली.

"उस्ताद, आमच्या घराला एवढ्या काचा! मी इतकी वर्षं कुठे राहत होते?"

बोर्तोलो कानापर्यंत लाल झाला. तिने वाकून चित्राचा खालचा भाग पाहिला आणि तिचं हसू थांबलं.

शेजारच्या दोन्ही महालांच्या पाण्याकडच्या दारांना तीन तीन कोरड्या पायऱ्या दिसत होत्या. झोर्झानेल्लोंच्या दाराला एकही नव्हती. हिरव्या शेवाळाचा पट्टा उंबरा ओलांडून दाराच्या लाकडावर वीतभर चढला होता. बोर्तोलोने तो जसाच्या तसा काढला होता, ओल्या केसांसारखा, धागा अन् धागा.

"हे बाबांना दिसलं नाही?"

"ते खिडक्या मोजत होते, बाईसाहेब."

"मी पुसायला सांगते त्याला," मी घाईघाईने म्हणाले.

"हात कापून देईन," बोर्तोलो म्हणाला. "या चित्रात तेवढंच खरं आहे."

"राहू दे ते," फाउस्तीना म्हणाली. "बेर्गामोच्या त्या घरात एक तरी डोळस माणूस आहे का, ते कळेल. असला तर मी जाईन. नसला, तर आंधळ्यांबरोबर राहायला मला बाबा पुरेत."

चित्र बेर्गामोला गेलं. सरकारांनी मधल्या काळात जावयासाठी खोलीही निवडली. अर्थात जिथे सगळ्यात जास्त गळतं ती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि त्याच सकाळी सरकार काठी आपटत आमचा जिना चढले. पत्र त्यांनी बोर्तोलोच्या तोंडावर फेकलं. त्याला वाचवेना, म्हणून मी वाचलं. ते बापाचं नव्हतं, मुलाचं होतं. गाउदेन्झिओ रोता. कापडाचा धागा तपासायच्या भिंगातून त्याने चित्र चार दिवस पाहिलं होतं.

'महाल फार सुंदर आहे,' त्याने लिहिलं होतं. 'पण शेजाऱ्यांच्या तीन पायऱ्या पाण्याबाहेर आहेत आणि आपल्या दारावर शेवाळ चढलंय. म्हणजे आपलं घर खचत असावं. माझं चुकत असेल तर क्षमा करा. मी तिथे येऊन राहण्यापेक्षा लग्नानंतर आम्ही दोघांनी इथे राहावं, असं मला वाटतं. आमचं घर साधं आहे, पण डोंगरावर आहे. एक विचारायचं होतं. आपल्या कन्येची खोली पाण्याच्या बाजूला आहे का? तिला खोकला तर नाही ना?'

खोकल्याची ओळ मी मनातल्या मनात पुन्हा वाचली. 

"विश्वासघात!" सरकार ओरडले. "मी काय काय बदलायला सांगितलं होतं?"

"काचा, भिंत, तडा," बोर्तोलो शांतपणे म्हणाला. "पाण्याचं काही बोलला नव्हतात, सरकार."

सरकारांनी काठी उगारली. पण तेवढ्यात मागून फाउस्तीना जिना चढून आली. धापा टाकत तिने बापाच्या हातून काठी घेतली आणि माझ्या हातून पत्र. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं.

"बाबा, मी जाते."

"एका लोकरवाल्याच्या घरात? डोंगरावर? झोर्झानेल्लोंची मुलगी?"

"त्याने मला न बघता खोकला ओळखला. तुम्ही सव्वीस वर्षं रोज ऐकताय."

 यावर सरकारांनी खानदानाचा इतिहास सांगितला, पहिल्या पूर्वजापासून. तो संपेपर्यंत मी सगळ्यांना कॉफी दिली.

सप्टेंबरात लग्न झालं. फाउस्तीना गेली, आणि सरकार तळमजला सोडून दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले. सगळ्यांना सांगतात, की वरून देखावा छान दिसतो.

खरी पंचाईत आमच्या घरात झाली. ते चित्र बेर्गामोत दिवाणखान्यात लागलं आणि येणारा-जाणारा काचांचं कौतुक करू लागला. बोर्तोलोची झोप उडाली. शेवटी तो रंग आणि कुंचले घेऊन सहा दिवसांच्या प्रवासाला निघाला, चित्र दुरुस्त करायला. जिवंत माणसांसाठी तो कधी चार गल्ल्या ओलांडून गेला नव्हता.

दोन आठवड्यांनी परत आला तो रंगांच्या डब्या न उघडता.

"करू दिलं नाही?" मी विचारलं.

"जावई तयार होता. तिने नको म्हटलं." तो बूट काढत बसला. "म्हणाली, उस्ताद, जन्मात एकदा तरी माझ्या बापाचं घर धड दिसू दे मला. तडे मला पाठ आहेत."

"आणि तू ऐकलंस?"

"ती चित्रासमोर बसून दूध पीत होती. अर्धा तास बसली. एकदाही खोकली नाही." मग दुसरा बूट ओढत म्हणाला, "मी मोजलं."