ताटातला हात

...टोपण निळं होतं, आणि फ्रिजमधल्या गारव्यानं त्याच्यावर बारीक घाम धरलेला. गोजरबाईनं ते इंजेक्शनचं पेन लिंबांच्या शेजारून उचललं, पदरानं पुसलं, उगाच तळहातावर तोलून पाहिलं. एवढ्याशा नळीत आठवडाभराची भूक मारायची ताकद असते, हे सहा महिने झाले तरी तिला खरं वाटत नव्हतं. आज गुरुवार, म्हणजे टोचायचं. पण आत्ता नको, वन्सं यायच्या आहेत... तिनं पेन परत दारातल्या कप्प्यात खोकल्याच्या बाटलीमागे सरकवलं आणि फ्रिजचं दार गुडघ्यानं लोटलं. गुडघ्यानं! सहा महिन्यांपूर्वी असं केलं असतं तर खालीच बसली असती. बरं वाटलं तिला. बरं वाटत होतं ते वाटत होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

नारायणगावच्या डॉक्टरनं तोंडावरच सांगितलं होतं : वजन अठ्ठ्याऐंशी, साखर वाढलेली, असल्या अंगावर गुडघ्याचं ऑपरेशन करायचं नाही, आधी अंग उतरवा. मग रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, आणि आठवड्याला एक असं हे इंजेक्शन लिहून दिलं. ते कसं घ्यायचं हे दाखवायला एक नर्स आली आणि म्हणाली, मावशी, चिमटीत कातडी धरायची, सुई नुसती कातडीखाली गेली पाहिजे. गोजरबाईला हसू आलं होतं. जिनं जन्मभर मेंढरांची कातडी उचलून लशी टोचल्या, तिला ही कालची पोर कातडी दाखवत होती. पण मेंढराला टोचणं वेगळं आणि आपल्याच पोटात सुई घालणं वेगळं. घरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी तिनं चिमटीत कातडी धरली ती तशीच धरून ठेवली, आणि सून पुढं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी रुपालीच टोचते. तिचा हात हलका आहे.

आता वजन त्र्याहत्तर. जिना चढता येतो, मेंढरांच्या जाळीपर्यंत, वाघरीपर्यंत चालत जाऊन ती मोजून येता येतं, मांडी घालून बसता येतं. फक्त भूक गेली. गेली म्हणजे काय, तर दुपार होते आणि पोटातून कुणी हाक मारत नाही. भाकरी समोर येते तेव्हा ती भाकरीच असते, पण तिच्याशी आपलं काही नातं आहे असं वाटत नाही. चार घास गेले की गळ्याशी येतं, पाचवा घेतला तर मळमळतं. डॉक्टर म्हणाला, असंच व्हायचं, औषध लागू पडलंय. पडलंय बाई, पडलंय. पण भूक ही काय नुसती पोटात असते... माझी तर लहानपणापासूनची सोबतीण. मेंढरं घेऊन माळशेज उतरून कोकणात जायचो आम्ही, घोड्यावर बिऱ्हाड, घोड्याच्या मागं मी, आणि माझ्यामागं ही भूक. सांजेला मुक्कामाला मेंढरांचा वाडा पडला की आई तीन दगडांवर तवा ठेवायची, एका परातीत भाकरी कुस्करून त्यावर हुलग्याचं कालवण ओतायची, आणि आम्ही चार भावंडं आणि ती असे पाचजण हात घालायचो. आई, बाळाबाई तिचं नाव, लई सावकाश जेवायची. आमचं चाटूनपुसून होत आलं तरी तिचा हात आपला परातीतच, बोटात घास तसाच. बाप चिडवायचा, तुमची आई रवंथ करती. आम्ही हसायचो. तीही हसायची.

तर असं होतं, आणि म्हणून पिंपरी पेंढारला या घरात आल्यावर, फिरणं सुटून विहिरीवर कांदा आणि टोमॅटो लागल्यावर, अंगावर जे मांस चढलं ते गोजरबाईला कधी ओझं वाटलं नव्हतं. ती कमाई होती. गेणभाऊंच्या घरात काय कमी आहे, बघा की गोजरबाईकडं, असं गाव तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणायचं, आणि ती पदर सावरत ऐकायची. तेच अंग आता विकतचं औषध टोचून उतरवायचं, पोटभर असताना भूक मारायची, हे लोकांना कळलं असतं तर... हसले असते. माझ्या आईच्या नावानं हसले असते, असं काहीतरी विचित्र तिच्या मनात आलं होतं. म्हणून पहिल्या गुरुवारी, सुई टोचून झाल्याबरोबर, तिनं रुपालीला देव्हाऱ्यापुढं नेलं आणि शपथेचा बेलभंडारा उचलायला लावला. पोराला, सुदर्शनला ठाऊक आहे, त्यानंच गाडीवर नेलं होतं, पण तो बोलणारा नाही. सासऱ्यांना गुडघ्याचं औषध म्हणून सांगायचं. बाकी गावात, पाहुण्यांत, तुझ्या माहेरी, कुणापुढं चकार शब्द नाही. रुपालीला आधी गंमत वाटली. मग सासूचं तोंड पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, चिमूटभर भंडारा उचलला आणि कपाळाला लावला.

आणि पोरीनं शब्द पाळला. तेच तर झालं.

दहाच्या एसटीनं वन्सं आल्या. ठमाबाई, गेणभाऊंची थोरली बहीण, मढ गावात दिलेली, वर्षातून दोनदा येणारी आणि येईल तेव्हा घराचा पंचनामा करणारी. उंबऱ्यातच पिशवी खाली ठेवून त्यांनी गोजरबाईकडं पाहिलं, मग जवळ येऊन तिचा दंड धरला आणि लोंबणारी कातडी बोटांनी हलवली. विचारायचं-बिचारायचं काही नाही. बाजारात मेंढी घेताना जसं बघतात तसंच.

"हे काय गं गोजर? निम्मी झालीस."

"वय झालं वन्सं."

"वय मलाबी झालंय. मी न्हाई वाळले." ठमाबाई भिंतीला टेकल्या, मिश्रीची डबी काढली. "मढपत्तुर बोलणं आलंय. सून घरात आली आन् सासूचं हाड दिसाय लागलं. मी म्हनलं, जाऊन बघते तरी."

चुलीपाशी तव्यावरची भाकरी उलटण्याचा आवाज थांबला. गोजरबाईनं तिकडं पाहिलं नाही. आता बोलायला पाहिजे होतं. एवढंच तर होतं — वन्सं, मी औषध घेते, डॉक्टरनं दिलंय, पोरीचा दोष नाही. नऊ शब्द. ते जिभेच्या मागं येऊन उभेही राहिले. पण त्यांच्या मागोमाग मढपर्यंतचं हसू आलं, बारशाला, दशक्रियेला, बायकांच्या घोळक्यात पदराआड होणारं, आणि ती म्हणाली, "पोटात जात न्हाई आताशा." तेही खरंच होतं. खोटं न बोलता खोटं बोलणं तिला सहा महिन्यांत चांगलं जमायला लागलं होतं.

"मेंढी वाळली तर मेंढीला कोन इचारतंय?" ठमाबाई दातावर मिश्री फिरवत म्हणाल्या, आवाज चुलीपर्यंत जाईल एवढा ठेवून. "चारनाऱ्याला इचारत्यात."

तव्यावर पुन्हा भाकरी पडली. रुपालीनं एकदाच मान वळवून सासूकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. तिनं नुसतं पाहिलं, वाट बघितल्यासारखं, आणि पुन्हा पिठात हात घातला.

दुपारी गेणभाऊ आणि ठमाबाई आधी जेवले. मग रोजच्यासारखं रुपालीनं एक ताट वाढलं आणि सासूसुना त्यात जेवायला बसल्या. लग्न होऊन आल्यापासून दोघी एका ताटात जेवायच्या, ते या घराचं वळणच होतं. गोजरबाईची सासूही तिला ताटात घेऊन बसायची. मटकीची आमटी होती, बाजरीची भाकरी, कांदा. चार घास झाले, गळ्याशी आलं. गोजरबाईनं तांब्या घेतला, ताटाच्या कडेला हात धुतला, आणि रुपालीनंही हात आवरून ताट उचललं. भिंतीपाशी ठमाबाई बघत होत्या.

मग ठमाबाई भैरवनाथाच्या देवळात जाऊन येते म्हणून गेल्या. गोजरबाई आतल्या खोलीत आली. रुपाली शिलाईमशीनवर बसली होती, शेजारी उसवलेल्या ब्लाउजांची चळत. गोजरबाईचे ब्लाउज तिनं या सहा महिन्यांत दोनदा आत घेतले होते. चळतीतला वरचा पोपटी ब्लाउज उचलून गोजरबाई म्हणाली, "हा कवाचा गं माझा?"

"तो माझाय आत्या."

"तुझा कशाला उसवलास?"

"ढिला व्हतोय," रुपाली म्हणाली आणि उठून फ्रिजकडं गेली.

कापसानं पोट पुसलं, सुई लावली, आकडा फिरवला. रुपाली खाली गुडघ्यावर बसली होती, गोजरबाई पलंगाच्या कडेला. टच्च झालं. दहापर्यंत मोजायचं असतं. रुपाली ओठांतल्या ओठांत मोजत होती. काहीतरी बोलावं म्हणून गोजरबाई म्हणाली, "वन्संचं मनावर घेऊ नगं," आणि रुपाली म्हणाली, "न्हाई आत्या," आणि सुई काढून घेतली. मग उठताना गोजरबाईनं आधाराला तिच्या पाठीवर हात टेकला.

हाताला आधी कळलं. अंगठा कण्यावर पडला होता, बोटं कमरेच्या बाजूला, चाळीस वर्षं मेंढी चाचपताना पडतात तशीच, आणि बोटांखाली हाडांची टोकं होती. मऊ काही नाही, थेट टोकं, ओळीनं. अशी मेंढी हाताला लागली की बाप पुढं एक शब्द विचारायचा नाही, मेंढक्याकडं नुसता बघायचा. गोजरबाईनं हात काढला नाही. रुपाली तशीच वाकून राहिली, सासूचा आधार सुटेल म्हणून.

"काय झालं आत्या? गरगरतंय?"

"न्हाई. जा तू."

ती गेली. गोजरबाई पुन्हा पलंगावर बसली. आजारी आहे का पोरगी... नाही, रंग चांगला आहे, कामाला वाघीण आहे. मग? माहेरची काळजी? मग पोपटी ब्लाउज आठवला, आणि त्याच्यामागून तांब्या आठवला. ताटाच्या कडेला आपण हात धुतो तो तांब्या. थोरल्या बाईनं हात धुतला की जेवण संपलं, धाकटीनं त्या पाण्याच्या ताटात पुढं घास घ्यायचा नसतो, हे कुणी कुणाला शिकवत नाही. चार घास माझे झाले की चारच तिचे. दुपारी चार, सांजेला चार. सहा महिने. वेगळं वाढून घ्यावं तर गाव काय म्हणेल — सासू वाळली आणि सून दुसरं ताट घेऊन बसली. तेवढं तर तिला चांगलंच कळत होतं. आणि मला कसं दिसलं नाही? मी, जी दुसऱ्याच्या पोराचं तोंड बघून ओळखायची की हे सकाळपासून जेवलं नाही, जी वाटसरूला पाण्याआधी गूळ द्यायची... दिसलं नाही कारण माझी गेली होती. माझ्या पोटातून हाक येईनाशी झाली आणि मला वाटलं, घरात कुणालाच भूक लागत नाही.

लाज वाटली तिला. लोकांची वाटत होती ती वेगळी, ही वेगळी. ही बाहेरून आलेली नव्हती.

रडू आलं नाही. ती उठली, देव्हाऱ्यापुढं गेली, भंडाऱ्याची वाटी तशीच होती. उचलायला लावणारी मीच, तर उतरवायचा कुणी? ते स्पष्टच होतं. फक्त पहिला शब्द कुठला, ते जुळत नव्हतं. वन्सं, ऐका. वन्सं, पोरीचं काय नाही. वन्सं, मला भूक लागत नाही, मी ती विकत घालवलीय. तिन्हीतलं एकही तोंडात बसेना. वन्संची एसटी उद्या सकाळी सातला होती.

दिवे लागले. मेंढरं वाघरीत आली, फाटक लागलं. गेणभाऊ आणि ठमाबाई जेवून उठले, ठमाबाई आपल्या भिंतीला टेकून मिश्री लावत बसल्या. सुदर्शन बाजारातून उशिरा यायचा होता. रुपालीनं ताट वाढलं. एकच. दोघी बसल्या.

एक घास. दुसरा. तिसरा जरा थांबून. चौथ्याला गळ्याशी आलं, आजची सुई ताजी, पोटात नुसता गोळा. तांब्या उजव्या हाताशी होता. रुपालीची नजर सवयीनं तांब्याकडं गेली आणि तिचा हात ताटात मंदावला.

गोजरबाईनं तांब्या डाव्या हातानं पाठीमागं सरकवला. मग भाकरीचा एवढासा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि बोटांत धरून ठेवला.

"जेव," ती म्हणाली.

रुपालीनं घास घेतला. मग आणखी एक. मग सासूच्या हाताकडं पाहिलं. हात ताटात होता, घास बोटांत होता. तिनं दुसरी भाकरी मोडली. आणि मग ती जेवायला लागली, खाली मान घालून, भराभर, पोरं जेवतात तशी. आवाज होत होता चावण्याचा. गोजरबाई बोटांतला तुकडा कुस्करत होती, पुन्हा गोळा करत होती, आमटीत टेकवत होती, वर मात्र नेत नव्हती...

आई सावकाश जेवायची.

बोटांवर आमटी वाळत चालली होती. परातीच्या पलीकडं बसलेली आई तिला इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती. जाळाचा उजेड, काळ्या बांगड्या, आणि घास धरलेला तो हात, जो आम्ही पोरं जेवत असेपर्यंत परातीतून निघत नव्हता. बाप म्हणायचा, रवंथ करती. तीही हसायची.

"आज लई जेवती गं सून तुझी," भिंतीपासून ठमाबाई म्हणाल्या.

रुपालीचा हात थांबला. गोजरबाईनं डाव्या हातानं आणखी एक भाकरी ताटात टाकली आणि ठमाबाईंकडं मान वळवली. पहिला शब्द अजून सापडला नव्हता. पण उजवा हात ताटात होता, आणि तो काढायचा नाही एवढं ठरलं होतं.