परतवाड्याची खुर्ची आणि बार्शीटाकळीचा जनरेटर

मी एक जुना जनरेटर आहे आणि सगळी पिल्लं वाचली.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. ते माझ्याकडून चुकून निघालं. थंडीत माझं असंच होतं, पहिला धूर नको तिकडे जातो. पिल्लांचं काय झालं हे आपल्यापैकी अजून कोणालाही ठाऊक नाही. तुम्ही काळजीत आहात. मीही काळजीत आहे. तर आता रीतसर सुरुवात करू.

माझा जन्म गुजरातेत, राजकोटच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जन्मतः माझं वजन दोन म्हशींएवढं होतं. आईवडील म्हणून मला एक लेथ मशीन आणि एक क्रेन तेवढी आठवते. अंगाला हिरवा रंग लावला, कपाळावर पत्र्याची पाटी ठोकली आणि ट्रकमध्ये घालून अकोल्याला पाठवून दिलं. निरोपाला कोणी रडलं नाही. क्रेनने मान हलवली, पण ते तिचं कामच असल्यामुळे मी ते मनाला लावून घेतलं नाही.

अकोल्यात जठारपेठेत कमलाकांतजींचं मंडप डेकोरेशन होतं. त्यांचं घराणं मूळचं भिक्षुकीचं. यांनी मात्र मंगलाष्टकं म्हणण्यापेक्षा मंगलाष्टकांना वीज पुरवण्याचा मार्ग पत्करला. ते मला 'पहिलवान' म्हणत. लग्नात माझी जागा ठरलेली असे: मंडपाच्या मागे, खरकट्या ताटांच्या ढिगाशेजारी. नवरदेवाचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. ताटं मात्र हजारोंनी पाहिली आहेत. पंगतीत कोण किती अन्न टाकतं यावर मी एक व्याख्यान देऊ शकतो, पण मला कोणी बोलावत नाही.

एकदा ऐन मार्गशीर्षात सगळ्या जठारपेठेची लाईन गेली. उजेड फक्त आमच्या मंडपात. त्या उजेडाला भुलून आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं मफलर गुंडाळून आली, पंगतीला बसली आणि जेवून गेली. मुलीकडच्यांना वाटलं ही मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटलं ही मुलीकडची. दोघांनीही त्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढली. त्या दिवशी कमलाकांतजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पहिलवान, तू नसता तर हे लोक उपाशी झोपले असते." ते कोण होते हे आजही कोणाला माहीत नाही. पण कौतुक ते कौतुक.

मग सायलेंट जनरेटर आले. मित्रांनो, हे लोक एका डब्यात बसून असतात आणि काम करताना आवाज करत नाहीत. आवाजच आला नाही तर काम चालू आहे हे मालकाला कळावं तरी कसं? हा प्रश्न मी पुष्कळदा मोठ्याने विचारला. त्यावर गिऱ्हाईक म्हणे, हा फार ओरडतो, दुसरा द्या. अखेर मला गोदामात फाटक्या कनातींखाली झाकून ठेवलं. एका उंदरीण बाईंनी माझ्या एअर फिल्टरमध्ये बाळंतपण केलं. तेवढाच काय तो सहवास.

अशा अवस्थेत मला बुधाजींनी बार्शीटाकळीला नेलं. बुधाजी म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. कोणतंही इंजिन चालू करण्याआधी त्याच्या अंगावर हात ठेवून त्याला "जयभीम, चला" म्हणायची त्यांची पद्धत. डेपोतल्या सगळ्या गाड्या त्यांना ओळखत, असं ते सांगत. गाड्यांचं म्हणणं कोणी विचारलं नाही.

पण मला आणलं होतं ते त्यांच्या मुलीसाठी, प्रियदर्शनीसाठी. तिने अकोल्यातले स्पर्धा परीक्षेचे क्लास सोडले आणि गावाबाहेरच्या शेतात पत्र्याची शेड उभारून कोंबडीची पिल्लं आणायचं ठरवलं. नातेवाइकांनी यावर मतं दिली. सगळ्यांत मोठं मत तिच्या शेखरमामाचं. मामाचं परतवाड्याला झेरॉक्सचं दुकान आहे. घरात ठरलं ते असं: पहिली खेप जगली तर प्रियदर्शनीने शेडच चालवावी. नाही जगली, तर निमूटपणे परतवाड्याला जाऊन मामाच्या दुकानात बसावं. मामाने तिच्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्चीही आणून ठेवली होती. फोन आला की तो आधी पिल्लांची चौकशी करी आणि मग म्हणे, "खुर्ची पुसून ठेवू का?"

हिवाळ्यात पिल्लांना ऊब लागते. जमिनीवर पसरलेल्या भाताच्या तुसावर बल्ब टांगतात, त्याखाली ती पिवळ्या पुरणासारखी पसरून बसतात. बल्ब विझले की ती एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून मला शेडच्या भिंतीला लागून उभं केलं. आमच्याकडे हिवाळ्यात लाईन जातेच. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला सगळे शेतकरी एकदम मोटारी सुरू करतात आणि खांबावरची डीपी, म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर, एवढा भार सोसत नाही. डीपी जळली की नवी येईपर्यंत माणसं एकमेकांना "आली का?" असं विचारतात. हा आमच्या भागातला सर्वांत लोकप्रिय प्रश्न आहे.

आता रोडग्यांबद्दल सांगतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रोडगा म्हणजे कणकेचे थरावर थर देऊन केलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, फोडायचा, तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या भाजीसोबत खायचा. थंडी पडली की वऱ्हाडात ज्याचं शेत आहे तो रोडगे करतो आणि ज्याचं नाही तो शेतवाल्याशी मैत्री करतो. पिल्लं आली त्या रविवारी बुधाजींनी शेतात रोडगे केले आणि माझे जुने मालक म्हणून कमलाकांतजींनाही बोलावलं. ते आले, मला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. गोवऱ्यांचा धूरही होता, पण मी ते माझ्या बाजूने धरलं.

तो रविवार फार छान गेला. इतका छान, की त्यातली एक बारीकशी गोष्ट कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

पुढल्या गुरुवारी दिवस मावळताना खांबावरून 'फट्' असा आवाज आला, एक ठिणगी उडाली आणि शेडमधले बल्ब विझले. डीपी गेली. वारा सुटलेला होता. बुधाजी माकडटोपी सारखी करत माझ्याकडे आले, अंगावर हात ठेवला, "जयभीम, चला" म्हणाले आणि हँडल मारलं.

मी चालू झालो नाही.

मित्रांनो, मी प्रयत्न केला. पोटात डिझेल होतं, मनात इच्छा होती. पण दोन-तीन गचके दिले की श्वास कोंडायचा आणि मी मान टाकायचो. मला कारणही माहीत होतं. मी ते सांगितलंही असतं. पण मला बोलायला आधी चालू व्हावं लागतं, आणि इथे चालू व्हायला आधी बोलणं भाग होतं.

शेजारच्या शेतातला जीवन ट्रॅक्टर सोडून धावत आला. त्याने हँडल मारलं. मग दोघांनी मिळून मारलं. जीवन म्हणाला, डिझेलमध्ये पाणी आहे. बुधाजी म्हणाले, थंडीने आखडला आहे. दुर्गाबाईंनी, म्हणजे प्रियदर्शनीच्या आईने, चुलीवरचं गरम पाणी आणून माझ्या रेडिएटरमध्ये ओतलं. जीवनने माझ्या पायाशी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ केला. आयुष्यात माझी एवढी सरबराई कधी झाली नव्हती. उद्या केळवणच करतील असं वाटलं. पण श्वास काही मोकळा होईना.

शेडमध्ये पिल्लं कोपऱ्याकडे सरकायला लागली होती. शेगडी आत न्यावी तर खाली तूस, ठिणगी पडली की संपलं. दुर्गाबाई टोपल्यांत पिल्लं भरून गोधड्यांखाली ठेवत होत्या, पण टोपल्या संपल्या आणि पिल्लं संपेनात. प्रियदर्शनी कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून ढिगावरून पिल्लं उचलायची, इकडे ठेवायची, आणि ती परत तिकडे जायची.  त्यात मामाचा फोन आला. डीपी जळल्याची बातमी परतवाड्यापर्यंत कशी पोचली हे मला आजही कळलेलं नाही. बुधाजींनी फोन घेतला, ऐकला आणि ठेवून दिला.

"काय म्हणे मामा?" प्रियदर्शनीने विचारलं.

"काही नाही. पुसून राहिला."

मग बुधाजींनी कमलाकांतजींना फोन लावला. हात तेलकट होते म्हणून फोन माझ्याच पाठीवर ठेवून आवाज मोठा केला. पहिलवान चालू होत नाही, सगळं करून पाहिलं, पिल्लं जातील, असं त्यांनी सांगितलं. पलीकडे कमलाकांतजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बुधाजीभाऊ, त्यानं रोडगा खाल्ला का?"

बुधाजींनी फोनकडे पाहिलं. जीवनने बुधाजींकडे पाहिलं.

"कोणता रोडगा?"

"आमच्या घरी पहिला रोडगा आपण ज्याच्या जिवावर खातो त्याले ठेवतात. आमचे आजोबा बैलाच्या गोठ्यात ठेवत. माझं घर यानंच चालवलं. म्हणून रविवारी त्याच्या डोक्यावर एक ठेवला. डबड्याखाली."

आता तुम्हाला डबडं म्हणजे काय ते सांगायला हवं. माझ्या धुराची नळी डोक्यावर उभी आहे. तीत पाऊस, दव जाऊ नये म्हणून तिच्यावर तेलाचा रिकामा डबा उपडा घातलेला असतो. मी चालू झालो की तो आपोआप उडून पडतो. त्या दिवशी तो उडालाच नव्हता, पण इतक्या गडबडीत डबड्याकडे कोण बघतं?

प्रियदर्शनी शेडमधून उठून आली. माझ्या अंगावर चढून तिने डबडं काढलं आणि मोबाईलचा उजेड नळीत टाकला. नळीच्या तोंडात, बाटलीला बूच बसावं तसा, रोडगा बसलेला होता. तूप लावलेला होता म्हणून सुबकपणे आत सरकलेला, आणि चार दिवसांच्या थंडीने दगड झालेला.

हा माझा अपमान नव्हता, मित्रांनो. तीस वर्षांत मला पहिल्यांदा कोणी ताट वाढलं होतं. ते माझ्या नाकात गेलं, एवढंच.

प्रियदर्शनीने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि रोडग्याला घाव घातले. तो फुटेना, पण कडेने जरा सैल झाला. मग ती खाली उतरली, बुधाजी आणि जीवन यांच्यासोबत तिनेही हँडल धरलं. तिघांनी हँडल फिरवलं. माझ्या छातीत हवा दाटली, डोळ्यांपुढे राजकोटची ती क्रेन आली, आणि मी शिंकलो.

रोडगा वर गेला. तो खाली आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. जीवनचं म्हणणं, तुरीत पडला. दुर्गाबाईंचं म्हणणं, एवढा चांगला रोडगा वाया गेला. शोध आजही अधूनमधून होत असतो.

पण मी चालू झालो. पूर्ण आवाजात, सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असा, काळा धूर ओकत. शेडमधले बल्ब आधी लाल झाले, मग पिवळे. पिल्लांचा ढीग सैल झाला आणि ती पुन्हा पुरणासारखी पसरली. प्रियदर्शनी माझ्या हँडलशी तशीच खाली बसली आणि चेहरा ओढणीत घेऊन रडली. मी इतक्या जोरात चालत होतो की ते कोणाला ऐकू आलं नाही. मोठ्या आवाजाचा असाही उपयोग असतो. सायलेंटवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

सकाळी तिने पिल्लं मोजली. एक कमी भरलं. परत मोजली, तरी एक कमी. ती तुसात हात घालून शोधत राहिली, कोणी चहाला बोलावलं तरी उठेना. शेवटी बुधाजींनी डोक्यावरची माकडटोपी काढली, तेव्हा ते पिल्लू तिच्या घडीत झोपलेलं सापडलं. कसं गेलं, कधी गेलं, बुधाजी सांगू शकले नाहीत. रातभर डोक्यात काहीतरी चालून राहिलं होतं, मले वाटलं विचार, असं ते म्हणाले.

तर मित्रांनो, मी आता तुम्हाला अशी बातमी देतो की जी तुम्ही पहिल्यांदाच ऐकत आहात: सगळी पिल्लं वाचली.

त्याच वेळी बांधावरून शेखरमामा आला. पहिल्या बसने निघाला होता आणि डोक्यावर लाल खुर्ची होती. पोरीला इथूनच बसायची सवय व्हावी, मग खुर्चीसकट घेऊन जाऊ, असा त्याचा विचार. तो शेडच्या दारात उभा राहिला. आत सगळं चिवचिवत होतं. त्याने खुर्ची खाली ठेवली आणि माझ्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "मेली नाहीत का?"

प्रियदर्शनीने पाण्याचं भांडं भरता भरता त्याच्याकडे पाहिलं. "मामा, बसा तुमीच," ती म्हणाली. "मले वेळ नाही."

मामा बसला. जाताना मात्र खुर्ची तिथेच विसरला. कदाचित मुद्दामही असेल, कारण निघताना त्याने एक पिल्लू हातात घेऊन बराच वेळ पाहिलं होतं.

पुढे नवी डीपी आली. लाईन आली. मला बंद केलं, ताडपत्री घातली आणि डबडं ठेवलं. आता चांगल्या दिवसांत माझ्याकडे कोणी फिरकत नाही. यात गैर काही नाही. ज्याची आठवण फक्त अंधारात येते त्याने उजेडात रुसू नये. एवढंच सांगतो, मित्रांनो, की तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात माझा कोणी भाऊबंद असेल, तर लाईन असतानाही अधूनमधून त्याला थोडा वेळ चालवत जा. त्याचं तेल पाहा, पाणी पाहा. आणि त्याच्यावर तुमचं कितीही प्रेम असलं तरी ते नळीपासून जरा बाजूला ठेवा.

लाल खुर्ची शेडबाहेर उन्हात पडून आहे. दुर्गाबाई तिच्यावर मुगवड्या वाळवतात. यासंदर्भात मी खालील अर्ज करत आहे.

प्रति, मा. शेखरमामा, झेरॉक्स दुकान, परतवाडा. विषय: रिक्त खुर्ची मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आपण आपल्या भाचीकरिता राखून ठेवलेली लाल रंगाची एक खुर्ची सदर उमेदवार हजर न झाल्याने, व यापुढे हजर होण्याची कोणतीही शक्यता न उरल्याने, रिक्त झालेली आहे. सबब, सदर खुर्ची अर्जदारास सेवानिवृत्तीनंतर बसण्याकरिता कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावी, आणि तीवरील मुगवड्या वाळताच ताबा देण्यात यावा. अर्जदाराचे वजन दोन म्हशींएवढे असून अर्जदारास बसता येत नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.