शुक्रवारची बस आणि तेलकट फरशी

मित्रांनो, मी एक जुना वायपर आहे. इथे इस्राएलमधल्या रामला गावात मला ‘मगाव’ म्हणतात. लांब दांडा, खाली रबराची पट्टी आणि स्वभाव भारी उतावळा! कोपऱ्यात उभं राहायचं म्हटलं की माझा जीव नुसता कासावीस होतो.

कारखान्यातून मी बाजारात आलो आणि गिदोनने मला आपल्या समोशांच्या भटारखान्यात आणलं. त्याची आई, मल्कामावशी, तिथे तळण तळायची. शुक्रवार आला की पळापळ! शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रामदिवस, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो नि बस बंद होतात. त्याआधी यरुशलेमची शेवटची बस गाठायची, कारण मावशीची लेक अबिगेल तिथे राहते. गिदोन फरशीवर गार पाणी ओतून मला सरासरा ओढायचा.

“काय लखलखतेय बघ!” मावशी कौतुकाने म्हणायची.

अहो, कसलं लखलखणं? सगळीकडे पसरलेलं तेलच ते! मी आतल्या आत धुमसायचो, पण मला तोंड कुठे होतं?

शेवटी व्हायचं तेच झालं. मावशीचा पाय सटकला, मनगट मोडलं. दुसऱ्या हाताला तेल लागलं तेव्हा तिला सगळं कळलं. गिदोनने मात्र माझ्यावरच राग काढून मला मागच्या दारी फेकलं. किती दिवस उन्हात तडफडलो मी!

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात अबिगेलला मुलगा झाला. शुक्रवारी मावशीने बाळाचं झबलं पिशवीत भरलं, आणि नेमका तेलाचा डबा लवंडला! गिदोन धावत मला घेऊन आला.

“इमा, वेळ नाही! पाणी मारतो नि निघू.” आईला तो हिब्रूत इमा म्हणे.

“थांब रे! रविवारी पहाटे अदिना एकटी कामाला येते. सातवा महिना आहे तिला. पडली म्हणजे?”

“आणि बस?”

“जाऊ दे बस.”

डोळे पुसत मावशीने पिशवी खुंटीला टांगली. गिदोनने कागदाने तेल टिपलं, गरम साबणपाणी ओतलं आणि ते मुरू दिलं. मी आपला चुळबुळतोय, बाहेर बस निघून गेली! मग त्याने ब्रशने खसाखसा घासलं, धुतलं, मला फिरवलं आणि फरशी कोरडी पुसली.

रविवारी अदिना आली. भरभर चालत गेली, दिवा लावला, कढई चढवली. पाय कुठेच सरकला नाही. तिला काही कळलंसुद्धा नाही. झबलं अजून खुंटीवरच होतं.

मित्रांनो, मला हात असते तर जोडले असते. तेलावर नुसतं पाणी मारून निघून जाऊ नका. तुमच्यामागून कुणीतरी त्याच फरशीवरून चालत येणार असतं.